घुंईऽऽ : कॉम्प्युटरचा आवाज, दुरुस्तीची दुकानं आणि आमचा अर्थिंगचा खड्डा

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवलेत.)

आजचा भाग खरं तर १९७२ च्या दुष्काळावर होणार होता. माझी आजी तेव्हा पंचविशीत होती. पारनेर तालुक्यात दुष्काळी कामावर तिनं खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तिला माझ्या खोलीत बसवलं, समोर माईक ठेवला आणि म्हटलं, "आजी, सांग." ती चाळीस मिनिटं बोलली. त्यातली चार मिनिटं तिच्या धाकट्या बहिणीबद्दल होती. ती गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. मला वाटतं घरातल्या कुणीच ऐकली नव्हती.

रात्री हेडफोन लावून फाईल उघडली. आजीच्या आवाजाखाली सगळीकडे एकच सूर. घुंईऽऽऽ. गिरणी लांबून ऐकू यावी तसा.

तर आजचा भाग त्या घुंईचा. ती कुठून आली हे शोधता शोधता मी कॉम्प्युटरच्या आवाजाच्या चाळीसेक वर्षांच्या इतिहासात शिरलो, आणि बाहेर आलो तो थेट आमच्या अंगणात. दुष्काळाचा भाग पुढच्या वेळी. का, ते शेवटी सांगतो.

दादाचा कॅबिनेट

आधी आमच्या मशीनची ओळख. नोकरी पुण्यातल्या कंपनीत, पण काम बरंचसं घरून, पारनेरहून. दिवसा ऑफिसचा लॅपटॉप आणि रात्री माझा स्वतः जोडलेला गेमिंग पीसी. पॉडकास्टचं रेकॉर्डिंगही त्याच्यावरच. रेकॉर्डिंगच्या महिनाभर आधी मी तो अपग्रेड केला होता. नवा मदरबोर्ड, नवा रायझन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड. पैसे तिथेच संपले, म्हणून कॅबिनेट जुनाच ठेवला. म्हणजे चुलतभावाचा, दादाचा. त्यानं २००५ मध्ये एमएस-सीआयटी करताना नगरहून असेंबल्ड पीसी आणला होता, त्याचा.

इथे एक गंमत बघा. २००५ च्या डब्यात आजचा मदरबोर्ड बसतो कसा? स्क्रूची भोकं जुळतात कशी? कारण इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं आणि मदरबोर्डवाल्यांनी, कॅबिनेटवाल्यांनी, एसएमपीएसवाल्यांनी ते मानलं. तीस वर्षं झाली, भोकं तिथंच आहेत. नगरच्या दुकानदारानं एकाचा मदरबोर्ड, दुसऱ्याची रॅम आणि तिसऱ्याचा डबा घेऊन पीसी जोडून द्यावा हे या मापामुळेच शक्य झालं.

दुसरं कारण सरकारी आहे. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवरची आयात ड्यूटी टप्प्याटप्प्यानं २००५ पर्यंत शून्यावर आली. त्याच काळात, २००१ मध्ये, महाराष्ट्रात एमकेसीएल उभं राहिलं आणि तालुक्यातालुक्याच्या गावी एमएस-सीआयटीचे क्लास निघाले. पार्ट स्वस्त झाले आणि शिकायची जागाही जवळ आली. दादाचा तो पांढरट कॅबिनेट म्हणजे या दोन्ही गोष्टींचा आमच्या घरातला पुरावा.

पहिला दोष : प्लग बसतो, पण भाषा वेगळी

अपग्रेडच्या दिवशी मशीन चालू केलं तर डिस्प्लेच नाही. पूर्वी अशा वेळी कॅबिनेटमधला छोटा स्पीकर बीप द्यायचा. एक लांब आणि दोन छोटे म्हणजे डिस्प्लेचं दुखणं, रॅम ढिली असेल तर वेगळा सूर. आता बोर्डावर नुसता दिवा लागतो. दिवा रॅमसमोर होता. रॅम काढली, सोनेरी पट्टी खोडरबरनं घासली, परत बसवली. चालू. हे आपल्याकडचं सगळ्यात जुनं औषध, अजूनही लागू पडतं.

मग लक्षात आलं की पुढच्या पॅनलवर हेडफोन लावला तर कॉम्प्युटरला तो दिसतच नाही. मागे लावला की दिसतो. दोन संध्याकाळी ड्रायव्हर टाकण्यात घालवल्या. शेवटी टॉर्च घेऊन आत बघितलं, तर कॅबिनेटच्या वायरीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : एसी ९७.

हे काय प्रकरण आहे? १९९७ मध्ये इंटेलनं आवाजासाठी एक ठराव केला, तो एसी ९७. तोपर्यंत आवाजासाठी वेगळं कार्ड विकत घ्यावं लागे. या ठरावानंतर एक छोटी चिप मदरबोर्डावरच बसवून भागायला लागलं. २००४ मध्ये इंटेलनंच पुढचा ठराव आणला, एचडी ऑडिओ. त्यात हेडफोन लावला की बोर्डाला ते कळतं. प्लगचा आकार मात्र दोन्हींचा सारखाच ठेवला. त्यामुळे जुनी वायर नव्या बोर्डावर अगदी छान बसते, पण 'कोणीतरी आलंय' हा निरोप द्यायची तारच तिच्यात नाही. उपाय सोपा : ऑडिओ सेटिंगमध्ये पुढच्या जॅकची ओळख बंद करायची, काही बोर्डांत बायॉसमध्येही पर्याय असतो. मी तेवढं केलं आणि पुढचा जॅक बोलायला लागला.

अजून एक गोष्ट, कारण तुमच्यातले बरेच जण मोबाईलचा इअरफोन पीसीला लावतात आणि माईक चालत नाही म्हणून वैतागतात. मोबाईलच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, माईक आणि कान एकाच पिनमध्ये. पीसीला बऱ्याचदा दोन वेगळी भोकं असतात, हिरवं कानासाठी, गुलाबी माईकसाठी. हे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलनं १९९९ च्या आसपास ठरवून दिलेत. मधे एक स्प्लिटर लावा, काम होतं. आणि ही पिन मुळात कुठली? एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजमधली. ऑपरेटर बाई वायर ओढून या भोकातून त्या भोकात घालायच्या, ती पिन. ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात ती बारीक होऊन खिशात आली आणि आता तुमच्या नव्या मोबाईलमधून गायब होत चालली आहे.

सिंगापूरचं दुरुस्तीचं दुकान

जॅक सुटला, पण घुंई तशीच. ती शोधण्याआधी मला प्रश्न पडला : या डब्यातून आवाज काढायचं सुचलं तरी कुणाला?

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमनं पीसी बाजारात आणला. त्यात एक छोटा स्पीकर होता. त्याला दोनच गोष्टी कळत, चालू आणि बंद. हे भराभर केलं की सूर निघे. शाळेच्या लॅबमध्ये डेव्ह किंवा प्रिन्स ऑफ पर्शिया खेळलेल्यांना तो टुक-टुक आवाज आठवत असेल. ऑफिसच्या मशीनला गाणं कशाला हवं, असा सरळ हिशेब.

त्याच वर्षी, १९८१ मध्येच, सिंगापूरच्या चायनाटाऊन भागात सिम वाँग हू नावाच्या तरुणानं एका मित्राबरोबर कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. नाव क्रिएटिव्ह. हा माणूस इंजिनिअरिंगचा डिप्लोमावाला आणि माऊथ ऑर्गन वाजवणारा. मशीन बोललं पाहिजे, वाजलं पाहिजे, हे त्याच्या डोक्यात होतं. सुरुवातीचे त्याचे प्रयोग फारसे चालले नाहीत. तोवर कॅनडातल्या अ‍ॅडलिब कंपनीनं १९८७ मध्ये यामाहाची चिप लावून संगीताचं कार्ड आणलं होतं आणि गेमवाले त्याच्यासाठी संगीत लिहू लागले होते.

१९८९ मध्ये सिमनं साऊंड ब्लास्टर आणलं. त्यात त्यानं काय केलं बघा. अ‍ॅडलिबसाठी लिहिलेलं सगळं संगीत त्यावर वाजायचं, म्हणजे जुन्या गिऱ्हाईकाचं नुकसान नाही. वर माणसाचा आवाज, बंदुकीचा आवाज असं रेकॉर्ड केलेलंही वाजायचं. आणि त्याच कार्डावर जॉयस्टिकचं भोक दिलं. त्या काळी जॉयस्टिकसाठी बऱ्याचदा वेगळं कार्ड घ्यावं लागे आणि मदरबोर्डावर स्लॉट मोजकेच. एका स्लॉटमध्ये तीन कामं! हे मला तरी दुरुस्तीवाल्याचं डोकं वाटतं. कॅबिनेट रोज उघडणाऱ्यालाच आत जागा किती कमी आहे ते माहीत असतं. १९९२ मध्ये अ‍ॅडलिब दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी क्रिएटिव्ह अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात गेली. सिम वाँग हू जानेवारी २०२३ मध्ये गेले.

तेव्हा ते कार्ड बसवणं मात्र सोपं नव्हतं. पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ असे आकडे हातानं सांगावे लागत. दुसऱ्या कुठल्या कार्डानं तोच आकडा धरला असेल तर दोघंही मुके. मग परत दुरुस्तीवाल्याकडे.

आणि पुण्याचं

हे वाचताना मला आपल्याकडची एक गोष्ट आठवली. आवाजाची नाही, पण दुरुस्तीच्या दुकानाचीच.

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर. दहावीनंतर शाळा सुटली आणि पुण्यात रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. मग स्वतःचं छोटं दुकान. बँकांत, ऑफिसांत कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला जाताना टेबलावर कॉम्प्युटर दिसायला लागला आणि उद्या हेच दुरुस्तीला येणार हे त्यांनी ओळखलं. स्वतः शिकले, धाकट्या भावाला, संजयला, कॉम्प्युटर शिकायला लावलं. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस निघत. फ्लॉपीवरून आलेले, साफ केले तरी परत येणारे. संजय यांनी ते काढायचे प्रोग्रॅम लिहायला घेतले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यातूनच अँटिव्हायरस तयार झाला, क्विक हील. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

आता याच्या उलट बाजूची गंमत. पीसीवरचा पहिला व्हायरस, ब्रेन, १९८६ चा. तो लिहिला लाहोरमधल्या दोन भावांनी, आणि त्यांचंही कॉम्प्युटरचं दुकानच होतं. दुखणंही दुकानातलं, औषधही दुकानातलं.

आपण इतिहास शिकतो तेव्हा बिल गेट्स येतो, स्टीव्ह जॉब्ज येतो. पण घरातला पीसी ज्यांच्या हातून घडला त्यांच्यातले कितीतरी जण टेबलावर सोल्डरिंग गन घेऊन बसलेले होते. गिऱ्हाईक काय तक्रार घेऊन येतं हे त्यांना सगळ्यात आधी कळायचं. आणि मी? मी बीटेक. चार वर्षं कॉम्प्युटर शिकलो आणि माझी घुंई मला सापडत नव्हती.

"आधी डब्याला हात लाव"

शेवटी मशीन गाडीवर बांधून नगरला नेलं, एका काकांकडे. (हो, आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं.) काकांनी रेडिओपासून सुरुवात केली, मग टीव्ही, मग मॉनिटर, आता मोबाईल. त्यांनी मशीन लावलं, माझाच माईक जोडला, रेकॉर्ड केलं. स्वच्छ! घुंई नाही. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

काका म्हणाले, "घरी पायात चप्पल न घालता डब्याला हात लाव. मुंग्या येतात का?"

"येतात की. पहिल्यापासून येतात."

"मग इंजिनिअरसाहेब, मशीन कशाला आणलंत? घर आणायचं होतं."

मंडळी, हे नीट ऐका, कारण तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी हे असणार. पीसीच्या एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून डब्याच्या पत्र्याला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. विजेतला कचरा त्यांच्यातून अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जावा म्हणून. अर्थिंगच नसेल तर तो कचरा जाणार कुठं? पत्र्यावरच थांबतो, आणि पत्रा २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा म्हणून झटका बसत नाही, नुसत्या मुंग्या. पण उद्या आतली फेज तार पत्र्याला टेकली तर वाचवणारं कुणी नाही. तोच पत्रा यूएसबीच्या वायरीतून माझ्या माईकला जोडलेला. आपली वीज सेकंदाला ५० वेळा डोलते, म्हणून सूर ५० चा, आणि त्याचे भाऊबंद १००, १५०, २०० वर.

घरी येऊन खात्री केली. तोच माईक लॅपटॉपला लावला, चार्जर काढला, फक्त बॅटरीवर : स्वच्छ. पीसीवर : घुंई. माईकच्या धातूला हात लावला की घुंई कमी. मग वायरमनला बोलावलं. सॉकेटमध्ये मीटर घालणं त्याचं काम, तुम्ही करू नका. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट दिसायला हवे होते. दिसले १०४.

"अर्थिंगचा खड्डा कुठंय?" त्यानं विचारलं. मी आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिलो.

उत्तर ओट्यावरून आलं. आजी म्हणाली, "त्या फरशीखाली गाडलाय तुम्ही."

आजोबांनी घर बांधलं तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा घेऊन, कोळसा-मीठ भरून, त्यात पाईप पुरला होता. उन्हाळ्यात आजी रोज त्यात बादलीभर पाणी ओतायची. कोरडी माती वीज नीट ओढत नाही, ओली ओढते. मीठ-कोळसा ओल धरून ठेवायला असतात. आमचा भाग घाटाच्या पलीकडे, पावसाच्या सावलीतला. मार्चपासून जमीन भेगाळते. इथे खड्ड्याला पाणी घालणं म्हणजे निम्मं अर्थिंग. आजीला ५० हर्ट्झ माहीत नाही. कामाच्या धबडग्यात एवढं लक्षात ठेवलं की आजोबांनी सांगितलंय, पाणी घालायचं. काही वर्षांपूर्वी आम्ही अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, खड्डा झाकला गेला, पाणी थांबलं. आजी तेव्हा बोलली होती म्हणे. कुणी ऐकलं नाही. त्यात मीही असणार.

ब्लॉक उचकटले. तारेचा जोड गंजून तुटला होता, माती पिठासारखी कोरडी. नवा पाईप, नवी तार, वर झाकण आणि पाणी घालायला फनेल. मीटरवर दीड व्होल्ट. मुंग्या बंद. घुंई बंद. हजारोंचं ग्राफिक्स कार्ड आणि सगळ्याच्या मुळाशी बादलीभर पाणी.

जाता जाता एक सांगतो. आवाज कमी होतो म्हणून थ्री-पिन प्लगची मोठी पिन काढून टाका, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. कधीकधी खरंच आवाज कमी होतो. तरी करू नका. ती पिन आवाजासाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

मग दुष्काळाचा भाग?

जुन्या रेकॉर्डिंगमधली घुंई सॉफ्टवेअरनं काढून बघितली. ५० चा सूर सहज जातो. पण २०० आणि त्याच्या आसपासचा काढायला गेलो की तिथं आजीचाच आवाज आहे. तो कापला की आजी डब्यात बसून बोलतेय असं वाटतं.

म्हणून परत रेकॉर्ड केलं. नवं अर्थिंग, पंखा बंद, सगळं स्वच्छ. आजी छान बोलली. खडी, मिलो, सुकडी, मुकादम, सगळं आलं. बहिणीचं आलं नाही. मी हळूच विचारलं, "आणि तुझी धाकटी बहीण?"

ती म्हणाली, "ते सांगितलं की मागं."

मी पुढं विचारलं नाही.

तेव्हा पुढच्या भागात छत्तीस मिनिटं आवाज स्वच्छ असेल आणि मधली चार मिनिटं घुंई असेल. मुद्दाम ठेवली आहे, तुमच्या हेडफोनचा दोष समजू नका. आणि हो, तुमच्या घरी अर्थिंगचा खड्डा कुठं आहे, हे आज घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. बाकीचंही विचारा. आणि माईक लावण्याआधी एकदा डब्याला हात लावून बघा.

भेटू पुढच्या भागात.